कॅनमधले केमिकल मोजल्याशिवाय गाडीला लावू नका!

धाराशिव जिल्ह्यातील सर्व वॉशिंग सेंटरचालक, तिथे राबणारी तरुण मुले आणि तमाम वाहनधारक यांना कळकळीची विनंती.

नवरात्र तोंडावर आले आहे. खंडेनवमीला पूजा करायची म्हणून जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली धुवायला रांगा लागतील. सोलापूर–धुळे महामार्गाने तुळजापूरला येणाऱ्या भाविकांच्या आणि नळदुर्ग–उमरग्याकडून जाणाऱ्या गाड्या वेगळ्याच. या घाईत माप बाजूला राहते आणि पाच लिटरच्या कॅनमधला ऑल पर्पज क्लीनर अंदाजाने ओतला जातो. कधी तर पाणी न घालताच फासला जातो. हे आजपासून थांबवा.

हा क्लीनर बहुतेक वेळा अल्कधर्मी असतो. तेल, ग्रीस तो झटकन सोडवतो. पण कडक झाला की पत्र्यावरचे वॅक्स उतरवतो, ॲल्युमिनियमची चमक घालवतो आणि बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे चट्टे पाडतो. ते चट्टे सहजासहजी जात नाहीत.

टायर, मडगार्डची आतली बाजू आणि थंड इंजिनावरचे चिकट ग्रीस यांना एक भाग क्लीनर, चार भाग पाणी पुरते. लिटरभर मिश्रणात 200 मिली. दाराच्या कडा, रबरी मॅट आणि बाहेरचे प्लॅस्टिक यांना एकास दहा, म्हणजे सुमारे 90 मिली. सीटचे कापड आणि डॅशबोर्ड यांना एकास वीस. लिटरला 50 मिलीही लागत नाही. छतावर थेट फवारू नका, कापडावर घेऊन पुसा. छत भिजले की आतला गोंद सुटतो. खऱ्या चामड्याला आणि टचस्क्रीनला हा क्लीनर लावूच नका. कॅनवर कंपनीने वेगळे प्रमाण छापले असेल तर तेच पाळा. बाटलीत आधी पाणी घ्या, मग क्लीनर घाला, म्हणजे फेस उफाळत नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारू नका आणि मारलेला वाळू देऊ नका.

सोयाबीनच्या फवारणीला पंपामागे किती मिली औषध, हे आपला शेतकरी टोपणाने मोजूनच घेतो. तीच शिस्त इथे हवी. मात्र फवारणीचे टोपण किंवा रिकामे कॅन या कामाला कदापि घेऊ नका.

आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. त्यात फेस कमी येतो, म्हणून पोरे क्लीनर वाढवत जातात. क्लीनर वाढवू नका. बाटलीपुरते फिल्टरचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरा. कडक मिश्रण धुऊन काढायला पाणीही जास्त लागते. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आपलाही जिल्हा टँकरवर होता. ते दिवस पाहिलेल्या माणसांनी पाण्याची अशी नासाडी करावी, हे मनाला पटत नाही. सेंटरचे फेसाळ पाणी ओढ्यात, विहिरीजवळ सोडू नका. तेरणा-मांजरेच्या पात्रात गाडी उतरवून धुणे तर पूर्ण बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. उरलेले केमिकल कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेले लेकरू बाटली तोंडाला लावते आणि अन्ननलिका भाजते. असे घडलेच तर उलटी करवू नका. तोंड धुवा, मूळ कॅन सोबत घ्या, 108 ला फोन करा आणि तातडीने दवाखाना गाठा. डोळ्यात उडाले तर किमान 15 मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरांना दाखवा. क्लीनरमध्ये ॲसिड किंवा ब्लीच मिसळू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू निघतो.

सेंटरचालकांनो, प्रत्येक बाटलीवर मार्करने मोठ्या मराठी अक्षरांत नाव आणि प्रमाण लिहा, मापाचा मग टांगून ठेवा, हातमोजे आणि चष्मा द्या. उघड्या हातांनी दिवसभर केमिकल हाताळणारी ही पोरे आपल्याच गावची आहेत. वाहनधारकांनो, गाडी सोडताना बाटलीत काय आणि किती आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर साध्या शाम्पूनेच गाडी धुऊन घ्या.