लाडू खाल्ला की जिंकला!

परवाचीच गोष्ट. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. मी भाकरी थापत होते आणि अकरा वर्षांचा नातू माझा मोबाइल घेऊन उंबऱ्यात बसला होता. दुकानात पाठवायचं म्हणून हाक मारली, तर म्हणतो, ‘‘आजी, थांब ना गं! आता हा एका बुक्कीत सगळ्यांना आडवं करणार.’’

‘‘तुला आधीच ठाऊक आहे, तर बघतोस कशाला?’’ मी विचारलं. त्याला उत्तर सुचेना.

मैत्रिणींनो, ही जपानी कार्टून, ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात त्यांना, आता भवानीनगरसारख्या गावातही घरोघरी पोचलीत. म्हटलं, नुसती नावं ठेवण्यापेक्षा शेजारी बसून बघू तरी. बघितलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. यातल्या बऱ्याच नायकांना कुणी हरवूच शकत नाही. ‘सोलो लेव्हलिंग’चा नायक सुरुवातीला सगळ्यांत दुबळा असतो. तेव्हा त्याच्यासाठी आपलाही जीव वरखाली होतो. पण पुढे त्याची ताकद वाढतच जाते आणि आपली काळजी मात्र संपते. जिंकणारच आहे, मग काळजी कसली? आपला ‘छोटा भीम’ तरी काय वेगळा? २००८ पासून बघतोय, लाडू खाल्ला की जिंकला!

सगळेच तसे नाहीत हं. ‘वन पंच मॅन’मधला सैतामा खरोखर एका बुक्कीत शत्रूला संपवतो. पण गंमत अशी, की त्यामुळेच तो कंटाळलाय बिचारा! लढाईत मजा उरली नाही. शिवाय वीरांच्या परीक्षेत लेखी पेपरात मार खाल्ल्यामुळे त्याला सगळ्यांत खालचा वर्ग मिळतो. म्हणजे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे, की नुसत्या ताकदीवर गोष्ट चालत नाही.

आपल्या जुन्या माणसांना तर हे केव्हाच कळलं होतं. मारुतीरायाएवढा बलवान कोण? पण ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचा विसर पडतो. समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून द्यावी लागते. उड्डाण केल्यावर सुरसा तोंड पसरते, तेव्हा बळ नाही, युक्ती कामी येते. तो इवलासा होऊन तिच्या तोंडात शिरतो आणि बाहेर पडतो. श्रीकृष्णाने मनात आणलं असतं तर कुरुक्षेत्र एका दिवसात आटोपलं असतं. पण तो आधीच सांगतो, मी शस्त्र हाती धरणार नाही. म्हणून तर महाभारत झालं! आणि आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? फुरसुंगीचा काडीपैलवान पोरगा. संकटात सापडायचा आणि डोकं लढवून सुटायचा. ताकद कमी, म्हणून गोष्टीला रंग जास्त.

आता तुम्ही म्हणाल, पोरांची करमणूक ती, एवढा विचार कशाला? सांगते. गेल्या महिन्यात शाळेच्या खो-खो संघात नातवाची निवड झाली नाही. पठ्ठ्याने मैदानावर जाणंच सोडलं. ‘‘मला जमतच नाही,’’ एवढंच म्हणाला. याचं खापर मी कार्टूनवर फोडणार नाही. पोरं आमच्या वेळीही रुसायची. पण हरलं, तोंड लपवलं, पुन्हा उठलं, असं त्याला बघायला मिळतं कुठे? मोबाइलमध्ये नाही. आणि घरात?

इथे मी जरा चपापले. घरात तरी कुठे मिळतं? आपण बायका त्याच्यासमोर कशा वावरतो? पहाटे उठणार, डबे करणार, शेतावर किंवा नोकरीवर जाणार, आल्यावर पुन्हा चूल. दुखलं खुपलं तरी कुणाला सांगायचं नाही. चुकलं, रडू आलं तर मोरीत जाऊन तोंड धुवायचं. ‘आईला सगळं जमतं’ हे ऐकायला आपल्यालाही गोडच लागतं ना? म्हणजे पोरांच्या लेखी आपणही एका बुक्कीतल्याच!

म्हणून मला वाटतं, मोबाइल हिसकावून घेण्याआधी आपण आपल्या फजितीच्या गोष्टी सांगायला लागू या. नापास झालेला पेपर, फसलेला धंदा, बुडालेली भिशी... पोरांना कळू दे, की मोठी माणसंही आपटतात.

मी सुरुवात केली. त्या रात्री नातवाला सांगितलं, की चाळिशीत मी कालव्याच्या कडेने स्कूटी शिकायला गेले आणि तीनदा पडले. तिसऱ्यांदा तर गुडघा फुटला, आणि बघणारे हसत होते. तो अंथरुणात उठून बसला.

‘‘मग? चौथ्यांदा पण पडलीस?’’

पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तर विचारत होता!