सतार, प्रवेशचाचणी आणि संधीची समता

विद्यापीठाच्या संगीत विभागात सतारीच्या अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकांपुढे वाजवून दाखवावे लागते. एखाद्या रागातील आलाप, विलंबित व द्रुत गत, हातावर ताल धरून दाखवणे, कानावर पडलेले स्वर ओळखणे, असे या प्रवेशचाचणीचे सर्वसाधारण स्वरूप असते. याहून न्याय्य पद्धत कोणती असू शकेल, असा प्रश्न सुशिक्षित वर्गाकडून केला जातो. त्याचे उत्तर समाजवादी कार्यकर्त्यांनी द्यावयास हवे. कारण गुणवत्तेच्या नावाखाली मिळकतीची परीक्षा कशी घेतली जाते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

चाचणी थोड्या मिनिटांत आटोपते. तिची तयारी मात्र वर्षानुवर्षे चाललेली असते. तिला स्वतःचे वाद्य लागते, गुरूचे शुल्क लागते, रियाजाला निवांत जागा व मोकळा वेळ लागतो. बऱ्या सतारीच्या किमतीत शेतमजुराच्या काही महिन्यांची मजुरी जाते. पुढे तारा आणि जवारीचा खर्च वेगळा. गळा निसर्गतःच मिळतो. गावच्या भजनी मंडळाची पेटी व मृदंग मंडळाच्या मालकीचे असतात, म्हणून मजुराच्या पोरालाही त्यांवर हात ठेवता येतो. सतारीला असे सार्वजनिक घर नाही.

ही सतार घडते मिरजेत. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार कारागीर हत्यारांच्या कामाकडून तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतात पिकतो. भोपळा पिकवणाऱ्याची आणि जवारी लावणाऱ्याची मुलगी परीक्षकांपुढे सतार घेऊन बसते काय, हा प्रश्न विद्यापीठांनी स्वतःला विचारावा.

घराण्यांच्या चार भिंतींतून संगीतविद्या बाहेर आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली बडोद्यात मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेही राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर. या शाळांचे मोल असे की तेथे नवशिक्याला प्रारंभापासून शिकवले जाई. आजची प्रवेशचाचणी तयार हात मागते. तो तयार करण्याची जबाबदारी मात्र शासनाने कुटुंबाच्या ऐपतीवर सोडली आहे.

केवळ शुल्कमाफीने हे साधणार नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील कर्टिस संगीत संस्था १९२८ पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही. निवड वादनावर होते. तरीही तेथवर पोहोचणाऱ्या व्हायोलिनवादकाला बालपणापासून वाद्य व शिक्षक लाभलेला असावा लागतो. तेथील अनेक वाद्यवृंदांनी १९७० नंतर उमेदवार व परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावला. त्याने परीक्षकाच्या पूर्वग्रहाला आळा बसतो, हे खरेच; पण दालनाबाहेर राहिलेल्याला पडद्याचा काय उपयोग? राखीव जागांचेही तसेच आहे. ज्याच्या हाती कधी सतार आली नाही, त्याच्यासाठी राखलेली सतारीची जागा कागदावरच राहते.

दर्जा खालावेल, अशी हाकाटी होईल. बेसूर वादनाला सुरेल म्हणा, असे कोणी म्हणत नाही. मागणी आहे ती दर्जा गाठण्याची साधने सर्वांना देण्याची. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. पुस्तक घरी नेता येते, तशी सतारही अनामत रकमेवाचून घरी नेता आली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांत वाद्ये व वेतनी शिक्षक असावेत. विद्यापीठांनी पदवीपूर्व तयारीचे एक वर्ष चालवावे. त्याच्या प्रवेशासाठी कानाची, लयीची व चिकाटीची पारख करावी आणि वाद्य आपले द्यावे. गुणदानाचे निकष आधी जाहीर करावेत.

भाकरीच्या लढ्यापुढे सतारीचा प्रश्न किरकोळ आहे, असे काही सहकाऱ्यांना वाटेल. परंतु श्रमिकाने फक्त पोटापुरते मागावे, हा मालकवर्गाचा विचार आहे. श्रमिकांच्या चळवळीने तो स्वीकारण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकात शाळेच्या वाद्यांसाठी किती रुपये आहेत, हे विचारण्यापासून या कामाला प्रारंभ करता येईल.