स्फोटाने जुळणारे धातू आणि पडद्यावरची लाट

स्फोट म्हटला की डॉक्टरला आधी कानाचा पडदा आठवतो. दाबाच्या लाटेने तो लवकर फाटतो. फुप्फुसाला इजा व्हायला त्याहून बराच जास्त दाब लागतो. सरकारी रुग्णालयात सुरुंगाचे आणि फटाक्यांचे जखमी पाहत आलेल्या माणसाला स्फोट म्हणजे फक्त तोडमोड. त्यामुळे मित्राचा मेकॅनिकलला असलेला मुलगा लॅपटॉप उघडून म्हणाला, ‘‘काका, स्फोटाने धातू जोडतात, बघा,’’ तेव्हा मी चष्मा पुसून बसलो.

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पोलादाला 1500 च्या आसपास लागतात. दोन्ही वितळवून जोडायला गेलो तर मध्ये ठिसूळ संयुगांचा थर तयार होतो आणि सांधा काचेसारखा तडकतो. म्हणून एक पत्रा खाली, दुसरा थोडे अंतर ठेवून वर आणि त्याच्यावर स्फोटकाचा थर पसरतात. बहुधा खदाणीत वापरतात तेच अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेलाचे मिश्रण. एका टोकाला स्फोट घडवला की वरचा पत्रा वाकत, तिरपा, सेकंदाला काही शे मीटर वेगाने खालच्यावर आपटतो. आपटण्याच्या रेषेवर पृष्ठभागावरचा मळ आणि ऑक्साइडचा थर फवाऱ्यासारखा पुढे फेकला जातो आणि मागे उरलेले कोरे धातू एकमेकांत घट्ट बसतात. मीटरभर लांबीचा पत्रा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत जोडून होतो. सांधा कापला तर मध्ये पाण्यासारखी गोठलेली लाट दिसते.

हे आपल्यापासून दूर नाही. करोनात ज्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टँकरकडे आपण डोळे लावून बसलो होतो, तो उणे 183 अंशांना तयार होतो. अशा प्रकल्पांत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या नळ्या एकमेकींना जोडायला असेच सांधे वापरले जातात.

पत्रा किती अंतरावर ठेवायचा, स्फोटक किती जाड पसरायचे, हे पूर्वी करून बघूनच ठरे. आता ते आधी संगणकावर करून पाहतात. धातूचे चौकोनी जाळ्यात तुकडे पाडले तर आदळण्याच्या जागी जाळे इतके पिळवटते की गणित कोलमडते. म्हणून धातू हा सुट्या कणांचा ढीग आहे असे मानणारी पद्धत वापरली जाते. ती 1977 मध्ये मांडली गेली, तीही खगोलशास्त्रासाठी! मुलाच्या पडद्यावर कण उडत होते, फवारा सुटत होता, लाट उमटत होती. देखणे होते.

मी विचारले, ‘‘नमुना कापून पाहिलास का?’’ नमुना नव्हताच.

माझा आक्षेप इथे आहे. अशा गणिताला धातू प्रचंड वेगात कसा वागतो याचे आकडे आपणच पुरवायचे असतात. उष्णतेचा हिशेब नीट धरला नाही तर लाट हुबेहूब उमटते, पण तिच्या कुशीत वितळून साचलेला ठिसूळ थर पडद्यावर दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि रुग्ण धापा टाकतोय, असे प्रसंग आम्हाला नवे नाहीत. कारखान्यात म्हणूनच जोडलेल्या पत्र्याची अल्ट्रासाउंडने तपासणी होते, आमच्या सोनोग्राफीसारखी, जेलसुद्धा लावून. आणि काही तुकडे मुद्दाम तोडून बघतात.

संगणकाला मी नावे ठेवत नाही. स्फोटकांच्या परवान्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि त्याच नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी नऊ कामगार दगावले. तो अपघात धातू जोडताना झाला नव्हता. तरी स्फोटक हाताळण्याची प्रत्येक वाचलेली वेळ मला मोलाची वाटते. पडद्यावरच्या शंभर प्रयोगांनी मैदानावरचे नव्वद वाचवावेत. उरलेले दहा मात्र करावेच लागतील, आणि अभियांत्रिकीच्या परीक्षकांनी त्यांचा पुरावा मागितल्याशिवाय रंगीत चित्रांना गुण देऊ नयेत.

जोडलेला तुकडा एखाद्या कारखान्याकडून मागून आणतो, असे मुलगा म्हणाला. ‘‘तुमच्या पॅथॉलॉजीचा मायक्रोस्कोप मिळेल?’’ नाही चालणार. आमच्या काचपट्टीतून प्रकाश आरपार जातो. धातूवर तो वरून पाडावा लागतो. त्याला धातुशास्त्राची प्रयोगशाळा गाठावी लागेल, आणि तत्पूर्वी तुकडा तासभर घासून आरशासारखा करावा लागेल.