दऱ्या आणि दर्या



पुस्तक काढतोय म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "खर्च किती आला?" आणि दुसरा, "मग सध्या काय वाचतोयस?" पहिल्याचं उत्तर माझ्या बायकोला ठाऊक आहे, ते तिच्याकडेच राहू दे. या महिन्याचा लेख दुसऱ्या प्रश्नावर.

सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी पेडण्याचा, शिकून बीई, नोकरीने सॉफ्टवेअरवाला, आजोळ डिचोली तालुक्यातलं. गेल्या वर्षी डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या माणसांवरच्या अकरा कथांचं पुस्तक मी स्वतःच काढलं. प्रकाशक मी, वितरक मी, गठ्ठे उचलणारा हमालही मीच. प्रती ३००. लेखन संपल्यापासून छापील प्रत हातात येईपर्यंत सात महिने गेले. त्या सात महिन्यांत काय वाचलं, काय पाहिलं, काय ऐकलं, त्याचा हा हिशेब.

वाचणं

पहिली गोष्ट केली ती म्हणजे दुसऱ्यांच्या कथा वाचणं बंद. रात्री जे वाचावं ते सकाळी आपल्या वाक्यात उतरतं, हे एव्हाना कळलं होतं. मग उशाशी आला मोल्सवर्थ. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची, आणि आज तो शिकागो विद्यापीठाच्या कृपेने इंटरनेटवर फुकट पाहता येतो. एक शब्द शोधायला जायचो आणि अर्ध्या तासाने भलत्याच पानावरून परत यायचो. मोबाईलवर रात्री वेळ घालवायचा याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

दुसरं वाचन धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन'. आपल्याच गोव्यातल्या सांखवाळचा, १८७६ साली जन्मलेला हा माणूस. फारशी शाळा नाही, घरी नारळाची बागायत. 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि १८९९ मध्ये ते घर सोडून निघाले. पुढे काशी, नेपाळ, सिलोन. एका मासिकातल्या एका लेखाने आयुष्य फिरतं, हे वाचलं की तीनशे प्रती कमी वाटत नाहीत.

आणि तिसरं, फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची हकिगत. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. इंग्लंडहून आलेल्या या जेझुइटाने मराठीत दहा हजारांहून जास्त ओव्या रचल्या आणि १६१६ मध्ये रायतूरला ते पुराण छापून निघालं. पण रोमन लिपीत. नागरी अक्षरांचे खिळे कुठे होते? मराठीवर जीव टाकणाऱ्या माणसाची मराठी परक्या अक्षरांत छापली गेली. हे वाचून मी हळहळलो आणि मनात म्हटलं, बरं झालं, आपल्या काळात असली अडचण नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा.

पाहणं

संध्याकाळी लॅपटॉपवर पाहायचो ते पानांची मांडणी कशी करायची याचे व्हिडिओ. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. समास किती सोडावा यावर दोन माणसं चाळीस मिनिटं भांडू शकतात, एवढं कळलं.

खरं पाहिलं ते जत्रेच्या मांडवात. पेडण्यातल्या वाचकांना दशावतार मी काय सांगावा! पण आपली पुढची पिढी पुण्या-बंगळुरात वाढतेय म्हणून सांगतो. यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, कोण कुठल्या वेषात, एवढं ठरतं. बाकी संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. आधी गणपती, मग संकासुराची मजा, आणि मध्यरात्रीनंतर आख्यान. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. मी लहानपणी संकासुरापुरता जागा राहायचो. या वेळी पहाटेपर्यंत बसलो आणि एकच गोष्ट पाहत राहिलो: राजा बोलत असताना समोरचा नट काय करतो. तो ऐकतो. पुढचं वाक्य पाठ नसल्यामुळे त्याला खरोखर ऐकावंच लागतं. माझ्या कथांतली माणसं एकमेकांचं ऐकतच नव्हती. आपापली वाक्यं म्हणून मोकळी होत होती. घरी येऊन दोन कथांचे संवाद पुन्हा लिहिले.

ऐकणं

गाडीत केसरबाई केरकर. फोंड्याजवळच्या केरीच्या या गायिकेचं भैरवीतलं एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेलं, हे तुम्हाला माहीत असेलच. मला त्यात नवल वाटतं ते त्याच्या लांबीचं. जेमतेम साडेतीन मिनिटं! तासभर गाणारी बाई तेवढ्यात सगळं सांगून मोकळी होते. ते आठवडाभर ऐकून मी चौदा पानांची एक कथा नऊ पानांवर आणली.

छपाईला आठ दिवस राहिले तेव्हा मोबाईलमधल्या वाचून दाखवायच्या सोयीला पुस्तकच वाचायला लावलं. त्या दिवशी मामाला पेडण्याहून डिचोलीला सोडायला निघालो होतो. कोलवाळचा पूल ओलांडला आणि ती यंत्रातली बाई म्हणाली, "चोर्ला घाटातल्या खोल दर्या धुक्यात बुडाल्या होत्या."

मामा खो खो हसला. "चोर्ल्याच्या घाटांत दर्यो खंयसून आयलो रे?"

मी गाडी बाजूला घेतली. पान उघडलं. 'दऱ्या'च्या जागी 'दर्या'. पुढे 'कोपर्यात', 'पायर्यांवर', 'चेहर्यावर'. जत्रेच्या जेवणात आचाऱ्यांनी नव्हे, आचार्यांनी डाळीत मीठ घातलं होतं!

दोष कुणाचा? माझाच. काही कीबोर्डांवर 'ऱ्य' टाइप केला की र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह साठवलं जातं. महिन्याभरापूर्वी फाइल 'स्वच्छ' करायला मी एक ओळीची आज्ञा लिहिली होती: सगळी अदृश्य चिन्हं काढून टाक. चिन्ह गेलं आणि प्रत्येक र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसला. डोळ्यांनी मी तीनदा मुद्रितं तपासली होती. डोळा जे असायला हवं तेच वाचतो. यंत्र जे आहे ते वाचतं. उलटी आज्ञा देता येईना, कारण सूर्य, कार्य आणि खरोखरचा दर्याही पुस्तकात होताच. जुनी फाइल होती, पण त्यानंतर शेकडो दुरुस्त्या झालेल्या. चार रात्री बसून एकेक जागा हाताने सुधारली. स्टीफन्सला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण त्या प्रवासातली मोठी गोष्ट अस्नोड्याच्या पुढे घडली. बाई वाचतच होती. कथा होती २०१२ साली खाणी बंद पडल्यावर अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रकची. हप्ते चालू, ट्रक उभा, टायरांखाली गवत वाढलेलं. मामा हसायचा थांबला. बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "हो म्हजोच ट्रक मरे?"

मी हो म्हटलं. नावं बदलली होती, गाव बदललं होतं. त्याने काय होतं? अंगण तेच होतं.

"ट्रकाचं लिहिलंस ते खरं आहे," तो म्हणाला. "शेवटी जे आहे ते मामीला विचार."

मामीला विचारलं. तिच्यासमोर बसून ते दीड पान मी स्वतः वाचून दाखवलं. तिथे यंत्र चाललं नसतं. ती म्हणाली, "चांगलं लिहिलंस पुता. पण एवढं काढ." कारणही सांगितलं. मी वाद घालू शकलो असतो. लेखकाचं स्वातंत्र्य वगैरे शब्द माझ्याकडे होते. पण ती गोष्ट तिची होती, मला ती कधीतरी स्वयंपाकघरात ऐकायला मिळाली होती, एवढंच. दीड पान काढलं. ते काय होतं हे इथेही लिहीत नाही. कथा थोडी कमकुवत झाली, हे मला आजही वाटतं. "शेवट एकदम संपतो," असं दोघातिघांनी कळवलंही. मी "हो, खरंय" म्हणतो आणि गप्प बसतो.

आपण वाचतो, पाहतो, ऐकतो आणि त्यातलं कुठलं आपलं झालं हे आपल्यालाच कळत नाही. कोशातला शब्द घेतला तर कुणी विचारत नाही. माणसाच्या तोंडची गोष्ट घेतली तर विचारायला जावं लागतं, आणि ते छापण्याआधी जावं लागतं.

तुमच्यापैकी कुणाच्या खणात वही असेल तर तीन गोष्टी सांगतो. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचा तेरावा अंक आधीच्या बारा अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणून तपासता येतो, ही सॉफ्टवेअरवाल्यांसाठी गंमत. दुसरं, १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. पोस्टात पाकिटावर कोलकात्याचा पत्ता लिहिताना मला फार बरं वाटलं. आणि तिसरं, छापायला देण्याआधी पुस्तक एकदा कानांनी वाचा, शक्यतो शेजारी मामा बसलेला असताना.

मामाने पहिली प्रत विकत घेतली. पैसे नको म्हटलं तर रागावला. ट्रकची कथा त्याने पुन्हा वाचली का, ते मी विचारलेलं नाही.

भेटू पुढच्या महिन्यात.