आणलेली भाजी खतखड्ड्यात जाऊ नये म्हणून



आपल्या सोसायटीच्या खतखड्ड्यांची देखभाल करणाऱ्या आम्हा काही शेजाऱ्यांचं हे आवाहन आहे. ओला कचरा वेगळा देण्याची सवय आता बहुतेक घरांनी लावून घेतली आहे आणि खतही चांगलं होतं, याबद्दल मनापासून आभार. पण खड्ड्यात कचरा पसरताना जे हाताला लागतं, ते आता सांगायलाच हवं. साली, देठं, चहाचा चोथा यायचाच. त्याच्या जोडीला येतात रबरही न सुटलेल्या मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या, गाठ मारलेल्या पिशवीतच पाणी सुटलेल्या काकड्या, कोंब आलेले बटाटे, देठाशी बुरशी धरलेले टोमॅटो. पैसे मोजून आणलेली ही भाजी कुणाच्या ताटापर्यंत पोचलीच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या वर्षाचा हिशेब आहे. जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळजवळ ६० टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं मिळूनही घरांच्या मागेच राहिली. पुण्यात आपण खातो तो टोमॅटो नारायणगावच्या बाजारातून येतो, मटार आणि अंजीर पुरंदरहून. वाकून वाकून तोडलेला, रात्रीच्या टेम्पोने मार्केट यार्डात उतरलेला तो माल आपल्या ओट्यापर्यंत धड येतो आणि तिथून पुढच्या चार दिवसांत बिघडतो. ते चार दिवस आपल्या हातात आहेत.

पहिली विनंती अगदी साधी आहे: घरी आल्याबरोबर पिशवी सोडा. तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेते, ऊब सोडते, पाणी सोडते. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून ती तशीच फ्रिजमध्ये ढकलली, की सुटलेल्या वाफेचं आत पाणी होतं आणि त्या पाण्यात पानं सडतात. पालेभाजी त्याच संध्याकाळी निवडा. पिवळी आणि चिरडलेली पानं काढून टाका, मुळं कापा, पण धुऊ नका. धुवायची ती चिरण्याआधी. मग जुन्या सुती साडीच्या नाहीतर पंच्याच्या तुकड्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. वर्तमानपत्र नको. छापील कागदात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच बजावलेलं आहे, कारण शाई अन्नाला लागते. कोथिंबिरीची जुडी देठं पाण्यात बुडतील अशी पेल्यात उभी ठेवली तरी छान टिकते. पाणी तेवढं रोज बदलावं. हिरव्या मिरच्यांची देठं काढून त्या कोरड्या डब्यात ठेवल्या, की सडणं देठापासून सुरू होत नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्याच भाज्यांना फ्रिज मानवत नाही. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच अंश तापमान असतं. मेथी, पालक, गाजर, कोबी, फ्लॉवर यांना ते सोसतं. केळं मात्र तेरा अंशांखाली गेलं की काळवंडतं आणि कच्चं असेल तर नीट पिकत नाही. टोमॅटोची चव जाते आणि तो पिठूळ होतो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर पिकायचंच विसरतो. हापूसची पेटी आणली असेल, तर फळं पेंढ्यावर एका थरात मांडा, रोज हात फिरवून पाहा आणि पिकेल तेवढाच आंबा फ्रिजमध्ये हलवा. लाल भोपळा अख्खा असेल तर कोरड्या कोपऱ्यात महिनोन् महिने राहतो. कापला की मात्र दोन-तीन दिवसांत संपवायला हवा. बटाटा फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना काचऱ्या काळ्या पडतात. त्याला अंधारी, हवेशीर जागा हवी. उजेडात तो हिरवा पडतो. ती हिरवाई आणि कोंब विषारी असतात. हिरवा भाग थोडा असेल तर खोलवर कापून काढा. बटाटा बराच हिरवा झाला असेल किंवा कडू लागला, तर टाकूनच द्या. तेवढा एक बटाटा खड्ड्यात आला तर आमची तक्रार नाही.

कांद्याबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण उन्हाळ्यात गोणीभर कांदा घेतात आणि पावसाळ्यात त्यातला बराचसा खड्ड्यात येतो. गोणीने घ्यायचा तो मार्च ते मे महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच आणावा. निवडताना मान पाहा. बारीक, वाळून मिटलेली मान असलेला कांदा टिकतो. जाड, ओल्या मानेचा आणि मधून दांडा आलेला डेंगळा लवकर सडतो. नाशिक-नगरकडचा शेतकरी कांदाचाळ बांधतो तेव्हा ती जमिनीपासून उचललेली असते, खालून आणि बाजूंनी फटी ठेवलेल्या असतात, म्हणजे वारा थरांतून फिरतो. अशा चाळीत एप्रिलचा कांदा दिवाळीच्या आसपासपर्यंत निघतो, पण तिथेही थोडाफार सडतो आणि वजनात घटतोच. आपण तोच कांदा सिंकखालच्या बंद कपाटात, ओलीच्या शेजारी ठेवला तर तो कसा राहील? गोणी सोडा, बाल्कनीच्या सावलीत बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या फळीवर कांदा पातळ पसरा, वर पावसाचे शिंतोडे येऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा सगळा कांदा हाताखालून घाला आणि मऊ पडलेला त्याच दिवशी फोडणीला टाका. एक सडका कांदा आपल्याभोवतीचे चार घेऊन जातो. बटाटे त्याच टोपलीत नकोत. त्यांच्या अंगच्या ओलीने कांदा बिघडतो.

फळांची आणखी एक खोड ध्यानात ठेवावी. पिकणारं केळं, आंबा, पपई, सफरचंद, टोमॅटो ही फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या वायूने शेजारची फळं लवकर पिकतात, पालेभाजी पिवळी पडते, काकडी लवकर उतरते, गाजर कडवट होतं. सफरचंदं आणि पालक एकाच खणात ठेवणाऱ्या घरी पालक लवकर का जातो, त्याचं कारण हेच. उलट, कच्ची पपई किंवा चिकू पिकवायचे असतील, तर पिकलेल्या केळ्याशेजारी झाकून ठेवा. घरी पिकवण्यासाठी एवढं पुरेसं आहे. बाजारात कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. तशी शंका आली तर ती फळं घेऊ नका आणि विक्रेत्याला तसं सांगाही.

आपल्यातल्या काही घरी फ्रिज नाही, आणि उन्हाळ्यात वीज गेली की इतरांचाही उपयोगाचा राहत नाही. कोरड्या उन्हाळ्यात मातीची रुंद कुंडी, तिच्यात लहान मडकं, दोहोंच्या मध्ये ओली वाळू आणि वर ओलं गोणपाट असं केलं, तर आत बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा राहतो. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने विटा आणि वाळूचा जो बिनविजेचा शीतकक्ष शेतकऱ्यांसाठी तयार केला, तोही पाण्याच्या बाष्पीभवनावरच चालतो. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हा उपाय चालत नाही.

मूळ मुद्दा मात्र पिशवीच्या आधीचा, खरेदीचा आहे. स्वस्त मिळाली म्हणून आणलेल्या पाच जुड्यांपैकी तीन टाकल्या, तर उरलेल्या दोन महाग पडल्या. बाजारात निघण्यापूर्वी फ्रिजचा खालचा खण उघडून पाहा. मेथी-पालक आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, गवार-भेंडी त्यानंतर, आणि कोबी, गाजर, भोपळा आठवड्याच्या शेवटी अशा क्रमाने केल्या, तर बरंच काही वाचतं. मटार स्वस्त असताना जास्त घेतला असेल, तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा, कोरडा करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. घरी भाजी निवडून ठेवण्याचं काम मदतनीस ताई करत असतील, तर यातलं काय कसं ठेवायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवा. पुष्कळदा त्यांनाच आपल्याहून जास्त माहीत असतं.

गावाला जाताना उरलेली चांगली भाजी टाकू नका. तळमजल्यावर पायऱ्यांच्या बाजूला आम्ही एक जाळीची फळी लावत आहोत. तिथे सकाळी भाजी ठेवा, सोबत आणल्याची तारीख चिठ्ठीवर लिहा. ज्याला हवी त्याने न विचारता घ्यावी. वॉचमन दादांनी आणि सफाईच्या ताईंनीही. कापलेलं, शिजवलेलं किंवा सोललेलं काही तिथे ठेवू नये. संध्याकाळपर्यंत जे उरेल ते आम्ही त्याच रात्री निवडून उचलू. या कामात आठवड्यातला एखादा दिवस द्यायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी सूचनाफलकाजवळच्या वहीत नाव आणि सोयीचा वार लिहावा.