वंदनाहून श्रवण अवघड

माहीमकरांस परधर्मीयांच्या श्रद्धास्थानापुढे नतमस्तक होण्यास शिकवावे लागत नाही. दर बुधवारी सेंट मायकेल चर्चच्या नोव्हेनास हिंदू व मुसलमान भाविकही रांगा लावतात. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या उरुसात पहिली चादर अर्पण करण्याचा मान मुंबई पोलिसांकडे आहे. ही परंपरा आम्हांस भूषणावह वाटते. तथापि १९९२-९३ च्या दंगलीत हाच माहीम होरपळला, हेही विसरून चालणार नाही.

मग उणीव कोठे राहिली? शेजाऱ्याच्या देवास आपण वंदन केले. शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय मात्र जडली नाही. दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींनी पुढाकार घेतलेल्या मोहल्ला समित्यांनी नेमके हेच हेरले आणि निरनिराळ्या जमातींचे नागरिक व पोलीस यांना समोरासमोर बसविले. अशा बैठकीत कटू बोल ऐकावे लागतात. परंतु आपल्या समजुतीतील खोट उमगते तीही तेथेच. मतभेद मिटणे ही एकोप्याची अट नव्हे. भिन्न मत शेवटपर्यंत ऐकून घेणे, ही होय. म्हणून ही बैठक शांततेच्या दिवसांतही भरली पाहिजे. घर पेटल्यावर विहीर खणावयास धावणे हा शहाणपणा नव्हे!