दानपेटीतला पैसा कुणाचा?

गेल्या उपवासकाळातली गोष्ट. वसई तालुक्यातल्या एका धर्मग्रामानं आमच्या समुपदेशन केंद्राला पंचवीस हजार रुपये द्यायचं ठरवलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत तिथे घरोघरी पाकिटं वाटलेली असतात. मटण-मासळी सोडून, चहा-नाश्त्याला काट मारून वाचलेले पैसे लोक त्यात टाकतात. नालासोपाऱ्यातल्या चाळींमध्ये काम करणाऱ्या आमच्यासारख्या लहान केंद्राला ही रक्कम मोठीच होती. आम्ही खूश झालो. मग एक छापील अर्ज आला. 'लाभार्थींची यादी' असं वर लिहिलेलं आणि खाली रकाने : नाव, धर्म, विधवा की परित्यक्ता, नवऱ्याचं घर सोडण्याचं कारण. शेवटी एक ओळ होती, की रक्कम शिलाई मशीनसाठीच वापरावी.

आमच्याकडे चार मशीनं आधीच धूळ खात पडली आहेत. आम्हाला पैसे हवे होते कोर्टाच्या तारखांना जायच्या भाड्यासाठी, केंद्राच्या जागेच्या भाड्यासाठी आणि आमच्या कार्यकर्तीच्या मानधनासाठी. मी फादरना भेटायला गेले. माणूस सरळ. म्हणाले, "ताई, मशीन दिसतं. लोकांना दाखवता येतं. आणि रविवारी मिस्सानंतर तुमच्या दोन-तीन बायकांना पुढे बोलवू, त्यांच्याच हातात चेक देऊ. पैसा कुठे जातो ते लोकांना कळलं पाहिजे ना."

मी त्यांना कसं सांगणार, की त्या दोन-तीन बायकांपैकी एक त्यांच्याच धर्मग्रामातली आहे, आणि तिला मारणारा नवरा दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसतो?

आधी एक सांगून टाकते. मी चर्चच्या विरोधात लिहायला बसलेली नाही. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं ते निर्मला निकेतनमध्ये. १९५५ साली धर्मभगिनींनी मुंबईत सुरू केलेलं हे कॉलेज. म्हणजे माझं शिक्षणच एका अर्थी चर्चच्या देणगीवर उभं आहे. रात्री अकरा वाजता पोलिस ठाण्यातून बाई बाहेर पडते, सोबत दोन मुलं, तेव्हा कुणाचंही नाव-गाव न विचारता दार उघडणाऱ्या सिस्टर्स मी पाहिल्या आहेत. आणि याच वसईत १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, तेव्हा धर्मगुरू जमीनमाफियांशी भिडले होते. चर्चला दानाच्या पलीकडे जाता येतं, हे आम्हाला चर्चनंच दाखवलं आहे. म्हणून तर अपेक्षा ठेवते.

पहिला प्रश्न साधा आहे. दानपेटीतला पैसा कुणाचा? आमच्या पंचवीस हजारांवर बैठक झाली, तेव्हा वित्त समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "विधवांना द्या, आमची हरकत नाही. पण घर मोडणाऱ्या बायकांना आमच्या पैशानं कोर्टात पाठवणार का?" खोलीत शांतता पसरली. महिला मंडळाच्या एक आजी मागे बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "आमच्या पैशानं म्हणजे कुणाच्या? पाकीट मी भरते. भाजी विकून भरते. माझे शंभर रुपये तिच्या कोर्टाच्या गाडीभाड्याला गेले तर मला चालेल." समितीत बाई एकच, आणि ती त्या दिवशी गैरहजर होती. आजी समितीत नव्हत्याच, त्या चहा द्यायला आल्या होत्या.

हे चित्र एकट्या वसईचं नाही. मिझोराममध्ये 'बुहफाई थाम' नावाची पद्धत १९१० पासून चालत आली आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी बाई तांदळाची एक मूठ बाजूला काढून ठेवते, तो तांदूळ गोळा होऊन विकला जातो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. मुठीमुठीतून तिथे फार मोठा निधी उभा राहिला. मूठ बाईची, पण तिचा विनियोग ठरवणाऱ्या बैठकीत बहुतेक खुर्च्या पुरुषांच्या. आपल्याकडच्या देवळांत, मशिदींत, गुरुद्वारांत वेगळं काय आहे?

शुभवर्तमानात गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंतांनी मंदिराच्या दानपेटीत भरपूर टाकलं, तिनं दोन दमड्या टाकल्या, आणि तिचं दान सर्वांत मोठं ठरलं. उपवासकाळात या गोष्टीवर प्रवचन हमखास होतं. पण मार्कच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या अगदी आधीचं वाक्य काय आहे, ते प्रवचनात क्वचितच येतं. तिथे येशू सांगतो, की लांब झगे घालून मिरवणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून जपून राहा. दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ बदलतो. विधवेचं कौतुक करून भागत नाही. तिच्याकडे दोनच दमड्या का उरल्या, हेही विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न : मदतीला 'लायक' बाई कोणती? नवरा मेला तर ती लायक. नवऱ्यानं टाकलं तर दया, पण थोडी शंका. तिनंच नवऱ्याला सोडलं तर मात्र दार बंद. ख्रिस्ती बाईच्या बाबतीत तर कायद्यानंच ही उतरंड सव्वाशेहून जास्त वर्षं सांभाळली. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही अट अन्यायकारक ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. त्यामागे ख्रिस्ती बायकांच्या संघटनांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. भारतातल्या कॅथलिक चर्चनं २०१० मध्ये स्वतःचं लिंगभाव धोरणही जाहीर केलं. कागद बदलले. पण अर्जातला 'घर सोडण्याचं कारण' हा रकाना अजून तिथेच आहे.

तिसरा प्रश्न आपल्या बाजूचा. असा पैसा आपण घ्यावा का? आपल्या चळवळीत हा वाद जुना आहे. संस्थात्मक निधी घ्यायचाच नाही असं ठरवून चाललेले गट मला आदरणीय वाटतात. पण ज्यांना रोज दार उघडं ठेवायचं आहे, त्यांना भाडं द्यावं लागतं. इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते अमेरिकेतल्या लोकांच्या पैशावर. त्यासाठी बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांची हमी दिली होती. त्याआधी इंग्लंडमध्ये असताना त्या, ज्यांच्या आश्रयाला होत्या त्याच अँग्लिकन भगिनींशी श्रद्धा आणि अधिकार यांवरून वाद घालत होत्या. इकडे १८९३ मध्ये, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यातल्या सल्लागार मंडळानं राजीनामे दिले. तिकडे धर्मपीठाचा दबाव, इकडे सुधारकांचा. पण त्यांनी काय केलं? केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, की हमीची दहा वर्षं संपल्यावर संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं. मदत घेतली, मान वाकवली नाही, आणि पुढची सोय केली. मला यात धडा दिसतो.

हा विषय आज निकडीचा झाला आहे त्यालाही कारण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून आलेला निधी एका संस्थेनं दुसरीला देण्यावर पूर्ण बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या चर्चसंस्था परदेशातून निधी आणून खाली लहान गटांना देत, ती वाट बंद झाली. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा २०१४ पासून आला खरा, पण आमच्या अनुभवात त्याला शाळेच्या भिंती रंगवायला आवडतं, नवऱ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईच्या मागे उभं राहायला नाही. म्हणजे लहान केंद्रांना उरतो तो स्थानिक पैसा : मंडळांचा, देवस्थानांचा, धर्मग्रामांचा. तो नाकारणं सोपं नाही, आणि मुकाट्यानं घेणं योग्य नाही.

म्हणून देणाऱ्यांकडे माझ्या मागण्या अशा. बाईचं नाव आणि तिची हकीकत मागू नका. हिशेब मागा, तो पैशापैशाचा देऊ. फोटोसाठी तिला उभं करू नका. मशीन देण्याआधी विचारा, की काय हवं आहे. भाडं आणि मानधन हा 'वायफळ खर्च' नाही, कारण बाईशी बोलतं ते माणूस, मशीन नव्हे. एकदाच पंचवीस हजार देण्यापेक्षा तीन वर्षं दरसाल दहा हजार द्या. मदतीला धर्माची अट नको. कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावीच लागते. त्या समितीत निम्म्या बायका बसवायला कुणाची आडकाठी आहे? आणि शेवटचं, सगळ्यात अवघड : तिसऱ्या बाकावर बसणाऱ्याबद्दल व्यासपीठावरून एकदा तरी बोला. ते बोलणं फुकट आहे, आणि आमच्या दहा वर्षांच्या कामापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचेल.

आपणही काही गोष्टी पाळायला हव्यात. चर्चचा पैसा घेताना कुजबुजत घ्यायचा आणि सभेत चर्चवर टीका करायची, हे बरं नाही. कुणाकडून किती घेतलं ते केंद्राच्या भिंतीवर लिहून लावू या. धर्मांतराचा संशय घेणाऱ्यांना तेच उत्तर आहे. आणि कुठल्याही एका हातावर अवलंबून राहायला नको. वस्तीतल्या बायकांची महिन्याला दहा रुपये वर्गणी आम्ही आता सुरू केली आहे. रक्कम हास्यास्पद आहे, पण ती आमची फळझाडं आहेत.

त्या पंचवीस हजारांचं काय झालं? दोन बैठका झाल्या. अर्जातले दोन रकाने फादरनी स्वतः खोडले. पंधरा हजार 'कोर्ट-प्रवास निधी' म्हणून मिळाले, दहा हजारांचं मशीन मात्र आलंच, पाचवं. चेक घ्यायला मी एकटी गेले. तिसऱ्या बाकावरचा नवरा टाळ्या वाजवत होता. त्याच्या बायकोची पुढची तारीख त्याच पैशाच्या भाड्यानं झाली.

तुमच्या गावात देवस्थानं, मशिदी, चर्च, मठ आपल्या कामाला पैसा देतात का? कोणत्या अटींवर? आणि अटी नाकारल्यावर काय झालं? मैत्रिणींनो, लिहा. यावर आपण उघडपणे बोलायला हवं.